भीमगीतांची मुखपृष्ठे

भीमगीतांच्या पुस्तिकांची आणि कॅसेटींची मुखपृष्ठे भडक असतात, असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझे भांडण आहे. नांदेड-लातूरकडे भीमजयंतीच्या बाजारात ती मी लहानपणापासून पाहत आलो. कोट-टाय घातलेले बाबासाहेब, मागे निळा रंग, जाड ठळक शीर्षक : ही मांडणी अक्षरांपासून दूर ठेवलेल्या माणसासाठी आहे. माझ्या आईला वाचता येत नव्हते. पण दहा पावलांवरून ती आपले गाणे ओळखत असे. हे कलेचेच काम होय.

आक्षेप आहे तो दुसराच. माझ्याजवळच्या कॅसेटींवर बाबासाहेबांखालोखाल गायकाचा फोटो आहे. गीतकाराचे नाव आत, बारीक टाइपात. कित्येकींवर तेही नाही. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे शिकले. त्यांच्या परंपरेतल्या कवींची नावे गळतात, ती जागा अपुरी म्हणून नव्हे. कोणाचे श्रम दिसावेत आणि कोणाचे झाकावेत, हे बाजार ठरवतो. कॅसेट गेली, मोबाइल आला. प्रश्न तोच आहे. बाबासाहेबांच्या चित्राखाली गीतकाराचे नाव ठळक छापले जावे, हा आग्रह आपणच धरला पाहिजे.