पेन्शनची पंगत: वाढणारे कोण, जेवणारे कोण?



आजच्या विषयात माझा स्वतःचा हितसंबंध आहे, तो आधी सांगून टाकतो. मी आयुष्यभर महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज मला जुन्या पद्धतीची पेन्शन मिळते. महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. त्यामुळे मी पेन्शनच्या बाजूने बोललो तर तुम्ही म्हणाल, हा आपल्या ताटाची राखण करतोय. विरुद्ध बोललो तर म्हणाल, याचं काय जातं, याचं पोट भरलंय. दोन्ही शंका रास्त आहेत. म्हणून माझ्याकडे बघू नका, युक्तिवाद तपासा.

प्रश्न असा आहे: सरकारी पेन्शनची व्यवस्था आजच्या तरुण कामगाराला न्याय देते का?

मार्च 2023 आठवा. 14 ते 20 तारखेपर्यंत महाराष्ट्रातले लाखो सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर होते. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा गल्लोगल्ली ऐकू येत होती. त्या आठवड्यात दोन प्रकारचं बोलणं कानावर पडायचं. एक, पेन्शन हा आमचा हक्क आहे, भीक नव्हे. दुसरं, तुमची पेन्शन आमच्या करातून जाते, आम्ही का सोसावं? मला दोन्ही युक्तिवाद अर्धवट वाटतात. ते का, हे आज पाहू.

आधी वस्तुस्थिती. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 ही सीमारेषा आहे. त्याआधी नोकरीला लागलेल्याला निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, आणि त्याच्या पश्चात जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. या पेन्शनसाठी पगारातून वेगळी कपात नव्हती. त्या तारखेनंतर लागलेल्यांसाठी आली परिभाषित अंशदान योजना, तीच पुढे राष्ट्रीय पेन्शन योजनेत म्हणजे एनपीएसमध्ये गेली. कर्मचाऱ्याचे 10 टक्के, सरकारचे आधी 10 आणि नंतर 14 टक्के. हा पैसा बाजारात गुंतवायचा. निवृत्त झाल्यावर जास्तीत जास्त 60 टक्के रक्कम हातात, उरलेल्या 40 टक्क्यांची वार्षिकी घ्यायची, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा ठरावीक रक्कम. ती किती? बाजार देईल तितकी. महागाई वाढली म्हणून ती वाढत नाही.

आता पहिला युक्तिवाद. 'पेन्शन म्हणजे लांबणीवर टाकलेला पगार.' याला मोठा आधार आहे. डिसेंबर 1982 मध्ये नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड, निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती देसाई यांनी. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे, हे त्यांनी ठामपणे मांडलं. शिवाय 31 मार्च 1979 या तारखेच्या आधी आणि नंतर निवृत्त झालेल्यांत सुधारित पेन्शनच्या सूत्रासाठी केलेला भेद रद्द केला. 17 डिसेंबर हा दिवस पेन्शनर अजून साजरा करतात तो त्यामुळेच.

मला हे तत्त्व मान्य आहे. पण त्याचा पुढचा टप्पा कुणी बोलून दाखवत नाही. पगार लांबणीवर टाकला, म्हणजे तो दर महिन्याला कुठेतरी बाजूला पडायला हवा होता ना? तो पडला नाही. मी शिकवत होतो त्या काळात माझा 'लांबवलेला पगार' त्या त्या वर्षीच्या सरकारने रस्त्यांवर, धरणांवर, पगारांवर, जे काही असेल त्यावर खर्च केला. माझ्या नावाचा डबा रिकामाच राहिला. मग आज माझी पेन्शन कुठून येते? आजच्या महसुलातून. म्हणजे माझा हक्क खरा आहे, पण तो जिच्याकडून वसूल होतो ती व्यक्ती त्या करारात कधीच नव्हती. करार झाला तेव्हा ती जन्मलीसुद्धा नसेल. हक्क आहे म्हटल्याने 'कुणाकडून' हा प्रश्न मिटत नाही.

जुन्या पेन्शनकडे परतण्याचं राजकीय गणितही इथेच दडलंय. राजस्थानने 2022 मध्ये तसं जाहीर केलं, पुढे हिमाचलनेही केलं. आता बघा गंमत. राज्य परत जुन्या योजनेकडे गेलं की सरकारचा तो 14 टक्क्यांचा मासिक हप्ता वाचतो. आज तिजोरीत पैसे उरतात! रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2023 मध्ये आलेल्या राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालात नेमका हाच इशारा दिला होता: आजची बचत अल्पकाळाची, उद्याचा बोजा मोठा. 2005 च्या अखेरीस पंचविसाव्या वर्षी लागलेला महाराष्ट्राचा कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी, 2038 च्या सुमारास निवृत्त होणार. बिल तेव्हा येणार. ते फेडणारा आज प्राथमिक शाळेत आहे. त्याला मत नाही.

मग एनपीएस न्याय्य आहे का? तेही नाही. तिने उद्याच्या करदात्याचा बोजा हलका केला, पण तो सगळाच्या सगळा एका माणसाच्या डोक्यावर ठेवला. बाजार नेमका निवृत्तीच्या वर्षी कोसळला, माणूस नव्वदीपर्यंत जगला, महागाई भडकली, तर त्याचं तो बघून घेईल. म्हातारपण ही अशी जोखीम आहे की जी एकेकट्याने पेलणं अवघड आणि सगळ्यांनी मिळून पेलणं सोपं. मी किती वर्षं जगेन हे मला सांगता येत नाही, पण एक लाख माणसं सरासरी किती जगतील याचा अंदाज बांधता येतो. विम्याचं सगळं शहाणपण एवढंच.

आता दुसऱ्या युक्तिवादाकडे येऊ. 'तुमची पेन्शन आमच्या करातून, म्हणून अन्याय.' नॉर्मन डॅनियल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1980 च्या दशकात याला चांगलं उत्तर दिलं. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. जात किंवा वर्ण बदलत नाही, वय मात्र सगळ्यांचं बदलतं. तरुण आणि वृद्ध हे दोन वेगळे समाज नाहीत, एकाच आयुष्याचे दोन टप्पे आहेत. आज देणारा उद्या घेणारा होतो. मग देण्यात अन्याय कसला? पॉल सॅम्युअलसनने 1958 मध्ये अर्थशास्त्रात हीच साखळी मांडली होती: प्रत्येक पिढी आधीच्या पिढीला पोसते आणि पुढच्या पिढीकडून पोसली जाते.

आपल्या परंपरेत याहून जुनी कल्पना आहे. तैत्तिरीय संहितेत माणूस ऋणं घेऊनच जन्मतो असं म्हटलंय. त्यातलं पितृऋण फेडायचं कसं? प्रजेने. म्हणजे पितरांना परत करून नव्हे, पुढे देऊन. ऋण मागचं, फेड पुढची. पिढ्यांमधला न्याय हा वाण्याच्या वहीसारखा दोघांमधला हिशेब नसतो, हे त्यात कळलेलं दिसतं.

सोप्या भाषेत सांगायचं तर ही पंगत आहे. पहिल्या पंगतीला जे वाढतात ते दुसऱ्या पंगतीला बसतात. वाढताना कुणी कुरकुर करत नाही, कारण आपलं पान मांडलं जाणार आहे याची खात्री असते.

पण ही खात्री आज कुणाला आहे? माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल या एका प्रश्नावर लागतो.

कर कोण भरतं ते बघा. साबणाच्या वडीवर, मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी आहे. तो भरायला पगारपत्रक लागत नाही. मी जिथे शिकवायचो तसल्या महाविद्यालयांत आज तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत. तोच अभ्यासक्रम, तोच फळा, काहींची पीएचडी माझ्याइतकीच. झालेल्या तासांचे पैसे मिळतात, पेन्शनचा प्रश्नच नाही. कंत्राटी आरोग्यसेविका, सुरक्षारक्षक, घरोघर जेवण पोचवणारी पोरं, सगळी वाढप्यांच्या रांगेत आहेत. त्यांच्या पानाचं काय? खासगी कामगारांच्या 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन 2014 साली महिना 1000 रुपये ठरली आणि दहा वर्षांनंतरही तेवढीच होती. दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा आहे महिना 200 रुपये. आपल्या राज्याने श्रावणबाळ योजनेत 2023 मध्ये मदत 1500 रुपये केली. दिवसाचे पन्नास. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या आणल्या की भाजीचं काय करायचं ते ठरवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या तरुणाच्या आईवडिलांना पेन्शन नाही, तो दोन पेन्शनी भरतो. एक करातून, माझ्यासारख्यांची. दुसरी घरात, स्वतःच्या आईवडिलांची. माझ्या मुलांना माझ्या औषधांचा खर्च करावा लागत नाही, कारण तो समाज करतो. त्यात त्या तरुणाचाही हात लागलेला आहे. त्याच्या वडिलांच्या औषधाला मात्र समाजाचा हात लागत नाही. शिवाय भावंडं कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 आला. पूर्वी चार भाऊ वाटून घ्यायचे ते आता एकाच्या खांद्यावर. तेव्हा भांडण म्हातारे विरुद्ध तरुण असं नाहीच. वाढणं सगळ्यांकडे आणि पान काहींनाच, हा अन्याय आहे. त्यात तरुण भरडला जातो आणि त्याचे म्हातारे आईबापही.

यावर कर्मचारी संघटनेचे मित्र विचारतात, 'सर, त्यांना नाही म्हणून आमचंही काढून घ्यायचं का?' नाही. सगळ्यांना सारखं उपाशी ठेवण्याला मी समता म्हणणार नाही. ज्यांनी शब्दावर विसंबून तीस वर्षं काढली त्यांचा शब्द मोडू नये, मी त्यात आहे म्हणून नव्हे, तर सरकारने शब्द मोडायचं शिकलं की सगळ्यात आधी दुबळ्यांना दिलेला शब्द मोडतो म्हणून. पण जुना शब्द पाळणं वेगळं आणि नवा रुपया कुठे घालायचा हे वेगळं.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने लगेच दुसऱ्या दिवशी ती स्वीकारायचं ठरवलं. केंद्राच्या योजनेत पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, दहा वर्षांना किमान 10,000 रुपये, कर्मचाऱ्याचे 10 टक्के, सरकारचे 18.5. यात जोखीम वाटून घेतली आहे आणि पैसाही आजच बाजूला पडतो, हे दोन्ही योग्य. रचना म्हणून ती जुन्या योजनेपेक्षा प्रामाणिक आणि एनपीएसपेक्षा माणुसकीची आहे. पण तीसुद्धा आधीच मांडलेली पानं भरते. एका दारात किमान 10,000 आणि शेजारच्या दारात 1500, हे अंतर पेन्शनच्या कुठल्याही तत्त्वाने समर्थनीय ठरत नाही. म्हातारपण दोघांचं सारखंच असतं.

म्हणून माझी मागणी क्रमाची आहे. आधी प्रत्येक वृद्धाला, तो कुठे कामाला होता हे न विचारता, जगण्यापुरती आणि महागाईबरोबर वाढणारी पेन्शन. तिच्यावर ज्याच्या त्याच्या नोकरीची, अंशदानाची. आणि कुठलंही सरकार पेन्शनचं नवं आश्वासन देईल तेव्हा वीस-तीस वर्षांनी त्याचं बिल किती येणार, हा आकडा त्याच दिवशी विधिमंडळात मांडला जावा. ज्याला मत नाही त्या शाळकरी पोरासाठी आपण निदान एवढं करू शकतो.

पैसा कुठून आणणार, असं तुम्ही आता विचाराल. विचारायलाच हवं. फक्त एक करा, माझ्या पेन्शनच्या वेळी हा प्रश्न जितक्या हळू आवाजात विचारला गेला, तितक्याच हळू आवाजात त्या बांधकामावरच्या बाईच्या पेन्शनच्या वेळीही विचारा.

इथे थांबतो.  आता प्रश्न घेऊ, आणि तरुणांनी आधी विचारावेत.