घरगुती बिअर आणि निर्धास्तपणाचे शास्त्र

हाताच्या कसबाचे ग्रंथ परीक्षणाच्या पंक्तीस बसवण्याची चाल आपल्याकडे फारशी नाही. काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. पण स्वयंपाक, बागकाम, शिवणकाम यांवरील पुस्तके ‘उपयुक्त’ या एका विशेषणावर बोळवली जातात. आम्हांस हा न्याय बरोबर वाटत नाही. समोर नसलेल्या माणसास, त्याने कधी न केलेले काम, केवळ शब्दांच्या द्वारे करावयास लावणे ही गद्यलेखनाची कठीण परीक्षा होय. कवीची एखादी ओळ दुर्बोध राहिली तर वाचक तिला गूढ म्हणून मान देतो. पाककृतीची ओळ दुर्बोध राहिली तर भात करपतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 साली निघाले, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 साली. ‘रुचिरे’ने घरोघरच्या नव्या सुनांस धीर दिला तो वाटी आणि चमचा या घरातल्याच मापांच्या बळावर. धीर देणे हा अशा ग्रंथाचा मुख्य गुण आहे काय, आणि असल्यास त्याची मर्यादा कोणती, हा प्रश्न आम्ही येथे एका परदेशी ग्रंथाच्या निमित्ताने विचारात घेणार आहो.

तो ग्रंथ म्हणजे चार्ली पापाझियन या अमेरिकन लेखकाचा ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग’. पहिली आवृत्ती 1984 ची. पुढे सुधारून वाढवलेल्या आवृत्त्या निघत गेल्या. ग्रंथकर्त्याचे शिक्षण अणु-अभियांत्रिकीचे, पोटाचा व्यवसाय शाळामास्तराचा आणि हौस घरी बिअर करण्याची. या तिन्ही गोष्टींच्या खुणा ग्रंथात दिसतात. पण सर्वांत ठळक दिसतो तो मास्तर. कोलोरॅडोतील बोल्डर या गावी तो प्रौढांस ही विद्या शिकवीत असे, आणि 1978 साली त्याने एका मित्रासह हौशी बिअरकारांची राष्ट्रीय संस्थाही तेथेच काढली.

विषयाचे नाव काढताच आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. त्यांस एवढेच सांगणे आहे की, मद्यपानाची तरफदारी करणे हा या लेखाचा हेतू नव्हे. शिवाय आपल्या प्रांती परवान्यावाचून मद्य तयार करणे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने निषिद्ध असून तो कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे. तेव्हा या ग्रंथातील कृती येथे कोणी घरी करून पाहाव्यात असे आम्ही सुचवीत नाही. ग्रंथ वाचण्यास मात्र कोणताही कायदा आड येत नाही.

ग्रंथाची योग्यता कळण्यास त्यामागील इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. युरोपात बिअर हा कित्येक शतके घरचा, आणि विशेषतः घरातील बायकांचा, उद्योग होता. भाकरी आणि बिअर एकाच धान्याची आणि एकाच हाताची. पुढे मठ, मग व्यापारी, मग यंत्रांचे कारखाने आले आणि ही विद्या घरातून उठून गेली. इंग्लंडात 1880 साली ग्लॅडस्टनने घरगुती बिअरवर परवाना बसवला; तो रद्द होण्यास 1963 साल उजाडावे लागले. अमेरिकेत 1920 ते 1933 पर्यंत दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी द्राक्षासव करण्यास मुभा मिळाली, बिअरला मात्र मिळाली नाही. अखेर ऑक्टोबर 1978 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि 1979 पासून एका प्रौढास वर्षाकाठी 100 गॅलन, व दोन वा अधिक प्रौढांच्या घरास 200 गॅलन, म्हणजे सुमारे 760 लिटर, बिअर स्वतःपुरती करण्याची संघराज्याकडून मोकळीक मिळाली. घटकराज्यांचे अडथळे मात्र राहिलेच. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी परवानगी दिली ती 2013 साली. म्हणजे पापाझियनच्या वाचकापाशी आजीने शिकवलेली हातोटी नव्हती. होती ती चोरून केलेल्या कडवट, ढगाळ पेयाची आठवण आणि मनात भीती. हा ग्रंथ त्या भीतीस उद्देशून लिहिला आहे.

आता कृतीकडे वळू. बिअरचे घटक चार: मोड आणून वाळवलेले व भाजलेले जव, म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट, सुगंधी फुले, यीस्ट, म्हणजे किण्व, आणि पाणी. बव्हेरियातील 1516 च्या प्रसिद्ध नियमात जव, हॉप्स आणि पाणी या तिघांचीच नावे आहेत. किण्वाचे स्वरूप उमगण्यास पुढे पाश्चरसारख्याची बुद्धी लागली. मोड आलेल्या जवात पिष्टाची साखर करणारी द्रव्ये असतात. भरडलेले जव सुमारे 65 ते 68 अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवले की ती आपले काम करतात व गोड काढा मिळतो. नवशिक्यास ही खटपट नको म्हणून तो काढा आटवून केलेला दाट पाक डब्यात तयार मिळतो. पाक पाण्यात कालवावा, हॉप्स घालून तासभर उकळावा. उकळण्यानेच हॉप्सचा कडवटपणा पाण्यात उतरतो. मग तो निववून त्यात किण्व सोडावे, विरजण लावल्याप्रमाणे. भांडे झाकून त्याच्या तोंडाशी पाण्याची अशी कोंडी करावी की आतला वायू बाहेर जाईल, बाहेरची हवा मात्र आत येणार नाही. आठ-पंधरा दिवसांनी आंबणे थांबते. मग थोडी साखर घालून बाटल्या भराव्यात व बुचे ठोकावीत. त्या साखरेवर किण्व पुन्हा जागे होते आणि फेस धरतो.

सामग्रीही अशीच आटोपशीर आहे: मोठे पातेले, पाच गॅलनांचे, म्हणजे सुमारे 19 लिटरांचे, काचेचे किंवा प्लास्टिकचे भांडे, रबरी नळी, बाटल्या, बुचे ठोकण्याचे हत्यार, आणि हायड्रोमीटर. हे शेवटचे उपकरण म्हणजे द्रवात तरंगणारी काचेची कांडी. आंबण्यापूर्वी ती 1.050 च्या आसपास उभी राहते. साखर सरत जाते तशी खाली बुडत 1.012 च्या सुमारास स्थिर होते. पेय तयार झाले की नाही हे डोळ्यांस कळत नाही, जिभेस अर्धवट कळते. कांडी मात्र खोटे बोलत नाही.

ग्रंथकर्त्याची हुशारी ही की, या साऱ्या ज्ञानाचे त्याने तीन जिने केले आहेत: नवशिक्याचा, मध्यमाचा आणि जाणत्याचा. पहिल्या जिन्यावर वाचकास विरघळवणे, उकळणे, निववणे, थांबणे एवढेच करावयाचे असते. रसायनशास्त्राचा पेटारा उघडण्यापूर्वी त्याच्या हाती स्वतः केलेल्या पेयाची पहिली बाटली पडते. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही योजना निर्दोष आहे. आपल्याकडील शास्त्रीय ग्रंथकार पहिल्या प्रकरणातच व्याख्यांचा पर्वत उभा करतात आणि वाचक पायथ्याशीच बसकण मारतो. त्यांनी हा क्रम जरूर पाहावा.

भाषाही या योजनेस शोभणारी आहे. वाचकाने चिंता टाकून स्वस्थ असावे, हा उपदेश ग्रंथभर पालुपदासारखा येतो. पाककृतींची नावे खेळकर आहेत. एका काळ्या बिअरचे नाव बेडकाच्या थुंकीवरून ठेवले आहे, आणि आणखी एकाचे नाव या पृष्ठांवर छापण्याजोगे नाही. विनोद क्वचित पोरकट होतो, पण तो निरुद्देश नाही. हसणाऱ्या माणसाचा हात थरथरत नाही, हे त्या मास्तराने ओळखले आहे. शिवाय त्याच्या निर्धास्तपणास शास्त्राचा आधारही आहे. उकळणे, मद्यार्क, आम्लता आणि हॉप्स यांच्या संयोगामुळे बिघडलेली बिअर बेचव होते, आंबट होते. पण रोगजंतूंस तीत सहसा थारा मिळत नाही. निम्मी भीती निराधार आहे, हे सांगून त्याने वाचकावर उपकार केले आहेत.

उरलेली निम्मी भीती मात्र साधार आहे, आणि आमचा आक्षेप येथेच आहे. आंबणे पुरे होण्यापूर्वी बाटल्या भरल्या, किंवा पाच गॅलनांस पाऊण कप साखर हे प्रमाण सोडून हात सैल सोडला, तर आतल्या वायूच्या दाबाने बाटली फुटते आणि काचा उडतात. उकळून निवलेल्या काढ्यास लागणारे प्रत्येक भांडे, नळी, चमचा निर्जंतुक नसेल तर महिन्याची मेहनत मोरीत ओतावी लागते. उष्णता चढली तर किण्व तीव्र, झोंबणारे वास सोडते. ग्रंथकार हे सांगत नाही असे मुळीच नव्हे. सफाईवर त्याने पुष्कळ लिहिले आहे. पण जो स्वर तो चिंता घालवण्यास वापरतो त्याच स्वरात तो सावधगिरीही सांगतो. सगळीकडे हसणाऱ्या गुरूचे गंभीर शब्द शिष्यास वेगळे ओळखू येत नाहीत. जेथे भिण्याचे कारण नाही तेथे धीर द्यावा आणि जेथे आहे तेथे आवाज बदलावा, हे गद्याचे कर्तव्य या ग्रंथात अर्धेच पार पडले आहे.

तुलनेसाठी दोन ग्रंथ घेऊ. इंग्लंडच्या डेव्ह लाइनने 1974 साली याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि 1978 साली विकतच्या बिअरची हुबेहूब नक्कल घरी कशी साधावी याचे दुसरे पुस्तक काढले. त्यात कसब भरपूर आहे. पण नक्कल हे ध्येय ठेवले की घरचा कारागीर कारखान्याचा उमेदवार होऊन बसतो. जॉन पामर या धातुशास्त्रज्ञाचा ‘हाउ टू ब्रू’ हा ग्रंथ 2000 साली प्रथम इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. उष्णता, पाण्यातील क्षार, किण्वाचे प्रमाण यांविषयी तो पापाझियनपेक्षा पुष्कळच काटेकोर आहे, आणि सावधगिरीचे वाक्य तो सावधगिरीच्याच स्वरात लिहितो. अडचण आली असता आम्ही पामर उघडावा असे म्हणू. पण मुळात हौस लागावी म्हणून कोणी ग्रंथ मागितला तर पापाझियनच देऊ.

कारण या ग्रंथाच्या पोटी बिअरहून मोठी एक गोष्ट आहे. विकत मिळते ते घरी का करावे? पैसा वाचावा म्हणून, हे उत्तर लटके आहे. वेळेची किंमत धरली तर काही वाचत नाही. खरे उत्तर असे की, जो वस्तू करतो त्यासच ती पारखता येते. हॉप्स अखेरीस घातले तर सुगंध राहतो आणि आरंभी घातले तर कडवटपणा, हे ज्याने स्वतः अनुभवले त्याची जीभ पुढे जाहिरातीस भुलत नाही. याचे प्रत्यंतर अमेरिकेच्या इतिहासातच आहे. 1970 नंतरच्या दशकाअखेर त्या अफाट देशात बिअरचे कारखाने शंभराहूनही कमी उरले होते, आणि बहुतेकांची चव एकच. केन ग्रॉसमन नावाच्या हौशी तरुणाने चिको गावी प्रथम घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान काढले आणि 1980 साली आपल्या सिएरा नेव्हाडा कारखान्यातली पहिली बिअर तयार केली. त्याच्यासारखे किती तरी निघाले. आज तेथे लहानमोठे नऊ हजारांवर कारखाने आहेत. हे सारे एका ग्रंथाने केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण चोखंदळ जिभांची जी पिढी त्यास लागली, ती तयार करण्यात या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. वाङ्मयातही हाच न्याय आहे. ज्याने एकदा तरी वृत्तात चार ओळी जुळवण्याचा घाम गाळला, तो पुढे कवितेस उगाच टाळी देत नाही.

आपल्या घरांतही आंबवण्याची विद्या आहे. विरजण, आंबील, इडलीचे पीठ ही तिचीच रूपे होत. थंडीत पीठ फुगत नाही, पावसाळ्यात ते आंबट का होते, हे आजीस ठाऊक असते. पण ते तिच्याबरोबरच जाते, आणि नात तयार पिठाची पिशवी विकत आणते. या विद्येचे तीन जिने बांधून, पहिल्याच जिन्यावर वाचकाच्या हाती यश देणारा, हसतमुख पण वेळी आवाज चढवणारा ग्रंथ मराठीत कोणी लिहील तर आम्ही त्याचे परीक्षण याच पृष्ठांत, काव्यनाटकांच्या बरोबरीने, आनंदाने छापू. प्रस्तुत ग्रंथ त्या कामी अर्धा आदर्श आणि अर्धा इशारा म्हणून हाताशी ठेवावा, अशी आमची शिफारस आहे.