'गावगाडा' आणि माळेगावची यात्रा : फिरस्त्या कारागिराचा पुनर्विचार

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) हा मराठी ग्रामजीवनाच्या अभ्यासातील मूलभूत ग्रंथ होय. बलुतेदार-अलुतेदारांची कामे व हक्क यांची त्यातील बारकाईची नोंद आजही उपयुक्त आहे. मात्र ग्रंथकाराची दृष्टी कुणब्याच्या खळ्यावर स्थिरावलेली आहे. त्यामुळे गावोगाव हिंडून विळे-खुरपी घडविणारा घिसाडी उत्पादक म्हणून नव्हे, तर कुणब्यावरील भार म्हणून समोर येतो.

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा या निष्कर्षाला छेद देते. मार्गशीर्षात भरणाऱ्या या यात्रेत जनावरांच्या मोठ्या बाजाराबरोबरच घिसाडी, वैदू आदी भटक्या जमाती एकत्र येत आल्या आहेत. गावात फिरस्ता एकटा दिसतो. यात्रेत त्याचा समाज दिसतो. अर्थात, या मेळाव्याचे उदात्तीकरणही नको. येथे जातपंचायतीही भरत. सामाजिक बहिष्कारासारख्या पंचायतींच्या शिक्षांना राज्याच्या २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरविले.

तात्पर्य, 'गावगाडा' यात्रेच्या संदर्भात पुन्हा वाचला पाहिजे. अन्यथा कारागिराचा इतिहास खळ्यावरच्या हिशेबापुरताच उरेल.