अक्षरांआधी रेषा

गौलीगुड्यात वाढलेल्या मराठी मुलाला छापील मराठी उशिरा भेटते. दुकानांच्या पाट्या तेलुगू, उर्दू, इंग्रजी. भाजीवाल्याशी बोलायचे ते दखनीत. घरात मराठी खरी, पण तीही ‘नक्को’ आणि ‘हौ’ यांनी भरलेली. अशा घरात दिवाळी अंक आला की तो आधी चाळला जाई, वाचला जाई तो पुष्कळ नंतर. कथेखालचे जोडाक्षर मला लागत नव्हते त्या वयात कथेवरचे चित्र मी अर्धा अर्धा तास पाहत बसे. मराठी माणूस कसा उभा राहतो, मराठी घराचा जिना कसा असतो, पुण्या-मुंबईकडची बाई पदर कसा घेते, हे मला लेखकांच्या आधी चित्रकारांनी सांगितले. पुढे एम.ए.ला मराठी साहित्य घेतले आणि कथेवरची समीक्षा रीतसर वाचली. कथेच्या शेजारी छापलेल्या चित्राविषयी तिच्यात मला काही मिळाले नाही. ते ऋण मनात राहून गेले होते. ते फेडण्याचा हा उशिराचा प्रयत्न.

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत जुने अंक होते, आणि त्या अंकांत दीनानाथ दलाल होते. दलालांचा जन्म १९१६ चा, मडगावचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. १९४५ मध्ये त्यांनी स्वतःचा ‘दीपावली’ सुरू केला. १९७१ साली ते गेले तेव्हा मी अगदी तान्हा होतो, म्हणजे माझी त्यांची ओळख पूर्णपणे ट्रंकेतली. मुखपृष्ठावरची त्यांची स्त्री सर्वांना ठाऊक आहे: मोठे डोळे, किंचित वळलेली मान, अंबाड्यावर फुले. आमच्या गल्लीतल्या बायका नारायणपेठी नाहीतर पोचमपल्ली नेसत आणि पहाटे नळावर भांडत. त्यांच्यातली एकही दलालांच्या चित्रातल्यासारखी दिसत नसे. त्यावरून खरा महाराष्ट्र फार देखणा असला पाहिजे, अशी माझी समजूत झाली होती. ती पहिल्याच नांदेडच्या फेरीत गेली!

थट्टा बाजूला ठेवून एक तक्रार मात्र नोंदवतो. दलालांची नायिका पुष्कळदा लेखकाच्या नायिकेहून देखणी असे. चित्र पाहून कथेकडे वळावे तो तिथली नायिका पिचलेली, सामान्य, कुठल्याशा कचेरीत नोकरी करणारी निघे. अशा वेळी चित्रकाराने कथा सजवली, पण वाचली नाही, असे म्हणावे लागते. मला खरे दलाल भेटले ते काळ्या शाईत. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’तील त्यांची चित्रे आठवून पाहा. तिथे रंगाचा आधार नाही. आहेत ते कुंचल्याचे काही फटकारे आणि मधली कोरी जागा.

या काळ्या-पांढऱ्या कामामागे छापखान्याची अडचण होती, हे नव्या वाचकाला सांगायला हवे. त्या काळी अंक खिळ्यांवर छापत आणि चित्रासाठी जस्ताचा ठोकळा करून घ्यावा लागे. रेषेच्या ठोकळ्याला एकतर काळे कळते नाहीतर पांढरे. मधली करडी छटा हवी असेल तर जाळीचा ठोकळा करावा लागे. तो महाग, आणि हलक्या कागदावर त्याचे ठिपके शाईने भरून चित्राचा चिखल होई. म्हणून चांगला चित्रकार करडेपणाचा आभास काळ्याच रेषांनी करी. कुठे रेषा दाट घ्यायच्या, कुठे विरळ, कुठे कुंचला जवळजवळ कोरडा करून ओढायचा. दलालांची ऐट या टंचाईतून आली, असे माझे मत आहे. पुढे ऑफसेट छपाई आली आणि हव्या तेवढ्या छटा मिळू लागल्या. त्यानंतर कथाचित्रे गुळगुळीत झाली, आणि ती पाहावीशी वाटेनात.

भिंतीवरच्या देवांचा मार्ग वेगळा. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देव घराघरांत गेले. त्यांची मूळ तैलचित्रे पाहायची तर आम्हांला मुसी ओलांडून सालारजंग संग्रहालयात गेले की झाले. त्याच परंपरेत पुढे एस. एम. पंडित आणि रघुवीर मुळगावकर आले. पंडित १९१६ साली गुलबर्ग्यात जन्मले, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच निजामी मुलखातले. त्यांच्या पौराणिक पुरुषांच्या दंडात खरे बळ दिसते. मुळगावकर १९१८ चे, गोव्यातल्या अस्नोड्याचे. त्यांच्या देवतांची त्वचा इतकी मऊ की त्यांना कधी घाम येत असेल असे वाटत नाही. चित्र म्हणून मला पंडित श्रेष्ठ वाटतात, पण आजीच्या देवघरात मुळगावकरांचीच लक्ष्मी होती आणि आजीने माझे मत विचारले नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात येते, आणि सीमाभागातल्या अंकात ती सांगायला मला विशेष आनंद होतो. दलाल मडगावचे, मुळगावकर अस्नोड्याचे, पंडित गुलबर्ग्याचे, आणि ज्यांच्याविषयी पुढे लिहिणार आहे ते शि. द. फडणीस बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, जन्म १९२५. म्हणजे मराठी घराच्या भिंती आणि मराठी अंकांची मुखपृष्ठे ज्यांनी भरली, त्यांतल्या या चौघांपैकी एकाचेही जन्मगाव आजच्या महाराष्ट्राच्या नकाशात नाही. काठावरून घर अधिक नीट दिसते, असा सिद्धान्त मांडायचा मोह होतो. पण या सर्वांना पोट भरायला मुंबई-पुणेच गाठावे लागले, आणि माझे सर्वांत आवडते वसंत सरवटे तर कोल्हापूरचे. तेव्हा सिद्धान्त राहू दे.

सरवटे (१९२७–२०१६) व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते आणि त्यांची नोकरी सिमेंट कंपनीत होती. त्यांच्या चित्रांत हे दिसते, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यांचा माणूस कठड्याला टेकला तर त्याचे वजन खरोखर कठड्यावर येते. खुर्चीत बसला तर खुर्चीला ते कळते. त्यांची रेषा देखणी नाही. ती बारीक, खरवडल्यासारखी, मध्येच थबकणारी. दलालांची रेषा आपल्याला काय येते ते जाणून ओढलेली असते. सरवट्यांची रेषा समोरच्या माणसाचा अंदाज घेत जाते. पुलंच्या पुस्तकांतली त्यांची माणसे पाहताना मला प्रथम जाणवले की ही तर आमच्या गौलीगुड्यातली आहेत. खांदा पाडून चालणारा कारकून, छत्री काखेत धरून ऐकून घेणारे काका, सर्वांना सल्ला देणारा बेकार पदवीधर. रेल्वेत आणि हायकोर्टात नोकरी करणारी आमची मराठी माणसे नेमकी अशीच उभी राहत. मराठीपण पेहरावाहून अधिक उभे राहण्यात असते, ही गोष्ट मला सरवट्यांनी शिकवली.

‘ललित’मधल्या ‘ठणठणपाळ’चेच घ्या. ते जयवंत दळवींचे टोपणनाव. ज्याला देहच नाही अशा त्या लेखकाला सरवट्यांनी चेहरा दिला, आणि तो इतका पटला की मग ठणठणपाळ म्हटले की दळवींऐवजी तोच डोळ्यांपुढे येऊ लागला. चित्रकाराने मजकूर वाचला आहे याची याहून मोठी खूण मला माहीत नाही. लेखकाने जे लिहिले नाही, पण ज्यावाचून लिहिलेले उभे राहत नाही, ते सरवटे काढतात. त्यांना व्यंगचित्रकार एवढेच न म्हणता ‘रेषालेखक’ म्हटले जाते. शब्द थोडा जड आहे, पण खोटा नाही.

फडणीसांची गोष्ट निराळी. १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचे त्यांचे मुखपृष्ठ प्रसिद्धच आहे. एक तरुण, एक तरुणी, एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. खाली एक शब्द नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांची रेषा सर्वत्र सारख्या जाडीची, रंग सपाट, आणि चेहरे कमालीचे शांत. चित्रात जगावेगळे काहीतरी घडत असते आणि त्यातल्या एकाही माणसाला त्याचे नवल वाटत नाही. सारी गंमत या शांतपणात आहे. इतर व्यंगचित्रकार पात्रांना घाम फोडतात, डोळे विस्फारायला लावतात. फडणीस नवल करण्याचे काम पाहणाऱ्यावर सोपवतात. महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रे होती. नांदेडच्या मावसभावाचे ते पुस्तक मी पळवून आणले होते आणि गणितात नापास होता होता ते मन लावून ‘वाचले’ होते.

एवढे झाल्यावर श्रेष्ठ कोण, हा प्रश्न सुटला असे मला वाटत होते. फडणीसांना भाषेचा अडसर नाही, म्हणून ते सर्वांत पुढे. परवापर्यंत मी असेच सांगत असे.

आमच्या शाळेत आता मराठीच्या तासाला एका वर्गात सात-आठ मुले असतात. बोलतात बरी, वाचताना अडखळतात. ग्रंथालयातून आणलेले जुने अंक घेऊन एक दिवस मी तासाला गेलो. फडणीसांचे चित्र दाखवले. वर्ग हसला. दारात उभा असलेला आमचा तेलुगू शिपाईही हसला, किंबहुना सर्वांत आधी तोच हसला. मग चित्र बाजूला झाले. ते सर्वांना पूर्ण कळले होते, त्यामुळे त्याविषयी विचारण्यासारखे कोणाजवळ काही उरले नव्हते.

नंतर सरवट्यांचे एक कथाचित्र दाखवले. कोणी हसले नाही. चित्रातला माणूस दाराच्या चौकटीशी उभा, हातात पिशवी, आत जावे की न जावे अशा अवस्थेत. बराच वेळ गेला. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, ह्यानं काय केलं? असा काय बघून राहिला?”

मी म्हटले, ते शेजारी लिहिले आहे.

त्याने अंक आपल्याकडे ओढला आणि बोट ठेवून वाचायला लागला. पहिला परिच्छेद संपेपर्यंत घंटा झाली. अंक घरी नेऊ का, म्हणाला. बांधीव जुने अंक मुलांना घरी देण्याचा नियम नाही, म्हणून मी तो माझ्या नावावर लिहवून घेतला. तीन आठवडे झाले, ग्रंथपालांनी दोनदा आठवण केली. मी अजून त्या मुलाला विचारलेले नाही.