‘गिमी शेल्टर’ : संकलनमेजावरील साक्ष

रॉक संगीताच्या माहितीपटांत ‘वुडस्टॉक’ (१९७०) हा प्रातिनिधिक मानला जातो. तथापि अल्बर्ट व डेव्हिड मेझल्स आणि शार्लट झ्वेरिन यांचा त्याच वर्षीचा ‘गिमी शेल्टर’ समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. ६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टामॉन्ट येथे ‘रोलिंग स्टोन्स’च्या विनामूल्य मैफलीत मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय युवकाची मंचासमोरच हत्या झाली. मारेकरी ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलस्वारांच्या टोळीतील होता. कॅमेऱ्याने हा प्रसंग टिपला. हंटरच्या हातातील पिस्तूलही त्यात दिसते. पुढे ज्यूरीने हेच चित्रण पाहिले व १९७१ मध्ये आरोपीची स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष मुक्तता केली.

दिग्दर्शक केवळ घटना दाखवीत नाहीत; संकलनमेजावर ती पुन्हा पाहणारा गायक मिक जॅगरही दाखवतात. त्यामुळे ‘पाहणे’ हाच चित्रपटाचा विषय बनतो आणि प्रेक्षकही साक्षीदार ठरतो. मात्र हंटर कोण होता, याचा शोध चित्रपट घेत नाही. जॅगरच्या चेहऱ्यावर कॅमेरा रेंगाळतो. मृताच्या वाट्याला मोजक्याच चौकटी येतात. साक्ष म्हणजे न्याय नव्हे, हे या श्रेष्ठ कलाकृतीची मर्यादाच आपल्याला शिकवते.