तलवार म्यान करण्याचा क्षण

नव्वदच्या दशकात तुम्ही कॉम्प्युटर क्लासला गेला असाल, तर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आठवत असेल. सर बाहेर गेले की फ्लॉपी आत! साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, आणि दर दोन उड्यांनंतर सुळ्यांवर पडून मरायचं.

जॉर्डन मेक्नर यांचा हा खेळ १९८९ साली ॲपल टू संगणकावर आला. त्यांनी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं होतं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या होत्या. म्हणून तो आजही माणसासारखा धावतो.

पण खेळाचं खरं मोठेपण आरशात आहे. आरशातून उडी मारताच राजपुत्राची सावली सुटी होते आणि पुढे वाटेत आडवी येते. शेवटी ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला तर जखम आपल्यालाच होते. मग उपाय? तलवार म्यान करायची. तेव्हाच दोघं एक होतात.

हे व्हिडिओत पाहिलं तर नुसती युक्ती वाटते. स्वतः चार वेळा मरून उमगलं, तर अंगावर काटा येतो. नाटकाची संहिता छापून ठेवली म्हणजे प्रयोग जपला, असं आपण म्हणत नाही. तसंच खेळाचं आहे. खेळता येत असेल तरच तो जपला.

प्रिन्स वाचला तो काहीसा नशिबानं. त्याचा हरवलेला मूळ सोर्स कोड २०१२ मध्ये मेक्नर यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात सापडला. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या फ्लॉप्या वाचल्या आणि कोड सर्वांसाठी खुला झाला.

आजच्या खेळांना असं खोकंही नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात विकत घेतलेली डिस्क होती, त्यांनाही तो खेळता येईना. जुन्यांचीही स्थिती बरी नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना घरबसल्या उपलब्ध करून देण्याची मुभा मागितली, तीही अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली.

कंपन्या म्हणतात, सर्व्हर कायम चालवणं परवडत नाही. मान्य. पण तशी मागणी नाहीच. दुकान बंद करताना खेळ खेळता येईल अशा स्थितीत सोडा, एवढंच म्हणणं आहे.

आपण परदेशी येताना बरंच मागे सोडून आलो. पण सोडलेलं शोधायला परत जाता येतं, ही आशा तरी होती. आज तुमच्या मुलीला जो खेळ प्रिय आहे, तो वीस वर्षांनी तिला तिच्या मुलांना दाखवता येईल का? पुढचा खेळ विकत घेण्यापूर्वी एकदा बघा: इंटरनेट तोडलं तर तो चालतो का?