बुगेरोची अनवाणी मुलगी आणि सफेद्याचा हिशोब

विल्यम बुगेरो (1825–1905) या फ्रेंच चित्रकाराचं 1889 सालचं ‘द शेफर्डेस’ हे चित्र नेटवर शोधा आणि मोठं करून बघा. एक मुलगी अनवाणी उभी आहे, खांद्यांवर आडवी काठी, मागे गुरं. आता तिचे पाय बघा. रानात गुरं राखणाऱ्या पोरीचे पाय, पण भेग म्हणून नाही! गालावर, दंडावर ब्रशचा फटकारासुद्धा दिसत नाही.

या गुळगुळीतपणावरची टीका तशी जुनीच. देगा आणि त्याचे मित्र अशा कामाला थट्टेनं ‘बुगेरोते’ म्हणायचे. पण ही टीका आवडीनिवडीपाशी थांबते. माझ्या पीएचडीत मी जरा वेगळा प्रश्न विचारते: ही कातडी बनली कशाची?

त्या काळच्या तैलचित्रांत त्वचेचा उजळपणा मुख्यतः सफेद्यातून, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगातून यायचा. तो लवकर वाळतो, थर चिवट होतो, एका छटेतून दुसरी अलगद काढता येते. अकॅडमीला हवं असलेलं ‘फिनिश’ त्याच्याशिवाय अवघडच.

आणि सफेदा बनायचा कसा? जुन्या पद्धतीत शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून, भोवती घोड्याची लीद रचून कित्येक आठवडे बंद ठेवायचे. पत्र्यांवर पांढरी खपली धरली की ती काढायची, धुवायची, वाळवायची, दळायची. या कामात धूळ पोटात जायची. मग पोटात कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळं पडणं. लंडनच्या कारखान्यांत हे काम गरीब बायका करायच्या. डिकन्सनं 1868 मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलंय. फ्रान्समध्ये लील हे सफेद्याचं मोठं केंद्र होतं.

म्हणजे बघा, चित्रात एक कष्टकरी मुलगी, रंगात दुसऱ्या कष्टकऱ्यांची मेहनत, आणि दोन्हींचा मागमूस पृष्ठभागावर नाही. बुगेरोची बरीच चित्रं श्रीमंत अमेरिकनांनी घेतली. दिवाणखान्यात टांगायला अशीच गरिबी सोयीची: स्वच्छ, सुंदर, काही न मागणारी.

‘त्या काळी कुणाला काय माहीत?’ असं कुणी म्हणेल. माहीत होतं. लक्लेर नावाच्या पॅरिसमधल्या रंगकामाच्या कंत्राटदारानं 1840च्या दशकातच आपल्या कामगारांसाठी जस्ताचा पांढरा रंग पुढे आणला होता. तो उशिरा वाळतो, थर ठिसूळ होतो, म्हणून बरेच चित्रकार सफेद्यालाच धरून राहिले.

पुढे फ्रान्सनं 1909 मध्ये इमारतींच्या रंगकामात सफेद्यावर बंदी घालणारा कायदा केला. अंमल 1915 पासून. 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं सफेद्यावर करार केला. त्याचं दुसरं कलम बघा: कलात्मक चित्रकामाला त्यातली बंदी लागू नाही! चित्रकाराला रंग लागतो थोडा, त्यामुळे सवलत समजण्यासारखी आहे. पण करार रंग वापरण्याबद्दल होता. तो बनवणाऱ्यांचा प्रश्न त्यात नव्हताच.

बुगेरोचा हात असामान्य होता, यात वाद नाही. मानवी आकृतीची जाण, कडा विरघळवण्याची सफाई, आजही शिकण्यासारखी. माझा आक्षेप इतकाच की, ही सफाई कशाकशावरून फिरली तेही चित्र बघताना धरायला हवं. पुढच्या वेळी संग्रहालयात चित्राशेजारच्या पाटीवर नुसतं ‘कॅनव्हासवर तैलरंग’ दिसलं, तर त्या दोन शब्दांपाशी जरा थांबा.